सोलापूरचा पाणकाठ : दुष्काळी तलाव आणि शरदातील पाहुणे पक्षी

अरबी समुद्राचा किनारा सोलापूरपासून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि मध्ये सह्याद्रीची रांग उभी असल्यामुळे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे बहुतेक पाणी त्या रांगेवर व तिच्या पश्चिम उतारावरच पडून जाते. डोंगराच्या आडोशामुळे कमी पाऊस मिळणाऱ्या अशा प्रदेशाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात, आणि सोलापूर जिल्हा त्याचे ठळक उदाहरण आहे : वार्षिक सरासरी साडेपाचशे मिलिमीटरांच्या आसपास, त्यातही मोठा वाटा सप्टेंबरातील परतीच्या पावसाचा, आणि तोही दर वर्षी येईलच याची खात्री नाही. तरीही याच जिल्ह्याच्या पाण्यावर पावसाळा सरताना सायबेरिया, मंगोलिया आणि मध्य आशिया येथून बदके आणि चिखलपक्षी येऊ लागतात, आणि एरवी समुद्रकिनारी व खाड्यांत दिसणारे कुरव व सुरय हे पक्षी भीमेच्या फुगवट्यावर घिरट्या घालताना आढळतात. मोठे नैसर्गिक सरोवर नसलेल्या मुलखाला हा काठ कोठून मिळाला, हा प्रश्न पक्षिशास्त्राइतकाच इतिहासाचाही आहे, आणि त्याचे उत्तर या जिल्ह्याने पाण्यासाठी उपसलेल्या मातीत सापडते.

या इतिहासाचा आरंभ शहराच्या मध्यभागी, भुईकोट किल्ल्याला लागून असलेल्या सिद्धेश्वर तलावापाशी करावा लागतो. बाराव्या शतकातील शिवशरण सिद्धरामेश्वर यांनी तो खोदवला अशी परंपरा आहे, आणि बसवेश्वरांच्या समकालीन शरणांनी श्रमाला जी पूजेची प्रतिष्ठा दिली, ज्याला ते कायक म्हणत, तिचे दृश्य रूप म्हणून सोलापूरकर या तलावाकडे पाहतात. तळी खोदणे हे पुण्यकर्म मानण्याची दृष्टी अवर्षणाच्या प्रदेशात रुजावी हे स्वाभाविक होते. परंतु पाणपक्ष्यांच्या दृष्टीने खरा बदल घडला तो एकोणिसाव्या शतकात, मोठ्या पाटबंधाऱ्यांच्या कामांनी.

शहराच्या उत्तरेला अदिला नदीवर मातीचा बांध घालून बांधलेला एकरुख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. तुळजापूर रस्त्यावरील गावाच्या नावाने लोक त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणून अधिक ओळखतात. दोन किलोमीटरांहून अधिक लांबीचा आणि एकवीस मीटरांच्या वर उंचीचा त्याचा बांध ज्या काळात उभा राहिला, त्या काळात मुंबई इलाख्यातील मोठ्या कृत्रिम जलाशयांत त्याची गणना होत असे. त्याच्यानंतर पाचच वर्षांनी १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला. त्या दुष्काळात रोजगार देण्यासाठी सुरू केलेल्या कामांतून सध्याच्या मोहोळ तालुक्यातील आष्टीचा तलाव आकाराला आला आणि पुढे काही वर्षांनी पूर्ण झाला. सरकारने रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीवरून दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अगदी थोडी रोकड इतकी खाली आणली होती. त्याविरुद्ध दख्खनमधील हजारो मजुरांनी १८७७ च्या आरंभी कामे सोडून दिली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. अशा अर्धपोटी माणसांनी वाहिलेल्या मातीवर हे काठ उभे आहेत, ही गोष्ट तेथे उतरणाऱ्या पक्ष्यांची वर्णने करणाऱ्यांनी विसरता कामा नये.

मातीच्या बांधाचा असा तलाव पक्ष्यांना का मानवतो, हे त्याच्या रचनेवरून कळते. दख्खनच्या पठारावरील ओढ्यांची खोरी पसरट असतात, म्हणून बांधाजवळ पाणी खोल असले तरी मागच्या बाजूस, म्हणजे फुगवट्याच्या शेपटाकडे, ते मैलभर उथळ राहते. पावसाळ्याअखेर भरलेला तलाव सिंचन, पिण्याचे पाणी आणि बाष्पीभवन यांमुळे कार्तिकापासून हळूहळू ओसरतो, आणि दर आठवड्याला ओल्या गाळाची नवी पट्टी उघडी पडते. त्या गाळात अळ्या, शंखशिंपले, किडे आणि पाणवनस्पतींचे बी असते, आणि ठरावीक लांबीच्या चोचीने ठरावीक खोलीवरचे भक्ष्य काढणारे तुतवार, चिखले आणि पाणटिवळे या पट्टीवर पाण्याच्या कडेकडेने पुढे सरकत राहतात. याच उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकरी कलिंगड, हरभरा, मका अशी पिके घेतात, तिला गाळपेर म्हणतात. गाळपेर आणि पक्षी यांचा हंगाम एकच आहे, आणि दोघांचेही भवितव्य पाणी किती वेगाने उतरते यावर अवलंबून आहे.

विसाव्या शतकातील दोन घटनांनी या काठाची लांबी अनेक पटींनी वाढवली. पहिली म्हणजे १९७२ चा दुष्काळ, ज्यात रोजगार हमीची कल्पना राज्यभर आकाराला आली आणि गावोगावी पाझर तलाव खोदले गेले. पाझर तलाव म्हणजे कालव्याने पाणी न देता ते जमिनीत मुरवून खालच्या विहिरींना पुरवणारा लहान तलाव. बांध छोटे, पाणी उथळ आणि चैत्रापर्यंत बहुधा आटणारे, असे हे शेकडो ठिपके बदकांना आणि धोबी पक्ष्यांना मधले मुक्काम ठरले. दुसरी घटना म्हणजे भीमा नदीवरील उजनी धरण. १९६९ मध्ये काम सुरू होऊन १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची साठवणक्षमता ११७ अब्ज घनफूट आहे, आणि यशवंतसागर या नावाने ओळखला जाणारा त्याचा जलाशय माढा व करमाळा तालुक्यांपासून पुणे जिल्ह्यातील इंदापूर-भिगवणपर्यंत पसरला आहे. त्याच्या तळाशी गावे, मळे आणि देवळे गेली. पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर पाणी फार उतरले की आजही वर येते आणि विस्थापितांची कुटुंबे ते पाहायला जातात. एका बाजूस पोटापाण्याच्या गावकुसातून उठवलेली माणसे आणि दुसऱ्या बाजूस हजारो मैलांवरून येऊन तेथे विसावणारे थवे, ही दोन्ही उजनीची सत्ये आहेत, आणि तिचा प्रामाणिक इतिहास लिहायचा तर दोन्ही एकाच पानावर यावी लागतील.

पक्षी येतात ते ज्या वाटेने, तिला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. आर्क्टिक किनाऱ्यापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या सुमारे तीस देशांवरून जाणारा हा पट्टा एक सरळ रस्ता नसून अनेक वाटांची गुंफण आहे. उत्तरेत दिवस लहान होऊ लागले की पक्ष्यांच्या शरीरात चरबी साठू लागते, पिसे बदलली जातात आणि अन्न गोठण्यापूर्वीच ते निघतात. म्हणून सोलापुरात थंडी पडण्याच्या कितीतरी आधी, श्रावणाच्या शेवटी आणि भाद्रपदात, पहिले तुतवार पाझर तलावांच्या काठी शेपटी हलवताना दिसू लागतात. त्यांच्या मागोमाग करडा धोबी येतो आणि आश्विनात पिवळा व पांढरा धोबी. बदकांमध्ये भुवई बदक सर्वांत आधी येते. नंतर थापट्या, तलवार बदक आणि चक्रांग येतात, आणि दिवाळीच्या सुमारास नारिंगी-तपकिरी अंगाचे चक्रवाक जोडीने काठावर उभे दिसतात. माळभिंगऱ्या तारांवर रांगा करतात, मोरघार उंचावरून मासा हेरून पायांनी पाण्यात झेपावते, आणि मार्गशीर्षात पट्टकादंब हंस व करकोचे उतरतात.

पट्टकादंब हा डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राखाडी हंस. त्याची वीण मंगोलिया, तिबेट आणि आसपासच्या उंच सरोवरांवर होते, आणि हिवाळ्यात भारतात येताना त्याला हिमालय ओलांडावा लागतो. उपग्रहाशी जोडलेल्या यंत्रांनी केलेल्या अभ्यासात हे हंस सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर नोंदवले गेले, परंतु ते शक्यतो डोंगराच्या अंगाने खाली-वर होत, दाट हवेचा फायदा घेत उडतात, हेही त्याच अभ्यासांनी दाखवले. मंगोलियात मानेला खुणेचे पट्टे बांधलेले हंस कर्नाटकातील मागडीच्या तलावावर पुन्हा पाहिले गेले आहेत, यावरून दख्खनचे तलाव आणि मंगोलियाची कुरणे एकाच पक्ष्याच्या वर्षाची दोन टोके आहेत हे सिद्ध झाले. अग्निपंख अथवा रोहित या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पक्ष्यासाठी उजनी आज प्रसिद्ध आहे, पण शरद ऋतूत त्याचे दर्शन घडेल अशी आशा धरू नये. भरलेल्या जलाशयात त्याच्या लांब पायांना तळ लागत नाही, आणि पाणी उतरून उथळ चिखल उघडा पडेपर्यंत, म्हणजे पौष-माघापर्यंत, त्याचे मोठे थवे येत नाहीत.

या आगमनाकडे लक्ष ठेवण्याची प्रथा पक्षिशास्त्रापेक्षा फार जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत खंजन पक्ष्यावर, म्हणजे आजच्या धोबी पक्ष्यावर, स्वतंत्र अध्याय लिहिला आणि वर्षात तो प्रथम कोठे, कशावर बसलेला दिसला यावरून शुभाशुभ सांगितले : पाण्याकाठी, गाईंच्या सान्निध्यात, देवळावर दिसणे चांगले. शकुनाचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते, ती म्हणजे पावसाळ्यानंतर हा पक्षी नव्याने येतो, त्यापूर्वी तो नसतो, हे त्या काळच्या लोकांनी बारकाईने पाहिले होते आणि पहिल्या दर्शनाला महत्त्व दिले होते. आजचे पक्षिनिरीक्षक ज्याला हंगामातील पहिली नोंद म्हणतात, तिचे हे पूर्वरूप मानायला हरकत नाही.

सोलापूर जिल्ह्यात मात्र स्थलांतरित पक्ष्यांचे सर्वांत जागरूक निरीक्षक ज्योतिषी नव्हते आणि साहेबही नव्हते. ते ज्वारीचे राखणदार होते. जिल्ह्याची रब्बी ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर भाद्रपद-आश्विनात पेरली जाते, काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलाव्यावर वाढते आणि पौषात तिच्या कणसांत दूध भरते. मालदांडी नावाचा तिचा स्थानिक वाण इतका कसदार ठरला की मोहोळच्या संशोधन केंद्रात त्यातून निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात पुढे अनेक दशके दख्खनभर पेरली गेली, आणि मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हुरड्याच्या या दिवसांतच भोरड्यांचे थवे कणसांवर तुटून पडतात. भोरडी, जिला पळसमैना असेही म्हणतात, हा गुलाबी पाठपोटाचा व काळ्या डोक्या-पंखांचा पक्षी पूर्व युरोपापासून कझाकस्तान व पश्चिम चीनपर्यंतच्या गवताळ प्रदेशात वीण करतो आणि जुलै-ऑगस्टपासूनच भारतात येऊ लागतो.

भोरडीच्या भीतीने शेतात माळा उभा राहत असे. चार मेढींवर आडवी लाकडे टाकून, त्यावर कडब्याची बैठक करून उभारलेल्या या उंच मचाणावर पहाटेपासून घरातील म्हातारा, बाई किंवा पोर बसे, कारण थवे उजाडताच रातथाऱ्यावरून निघतात आणि पहिल्या दोन तासांत सर्वांत अधिक खातात. हातात सुताची किंवा अंबाडीच्या वाखाची विणलेली गोफण, शेजारी मातीच्या नाहीतर दगडाच्या गुंड्यांचा ढीग, आणि सोबत पत्र्याचा डबा, अशी त्यांची सामग्री असे. थवा कोणत्या दिशेने येतो, तो बसण्यापूर्वी किती फेरे घेतो, ढगाळ हवेत किती उशिरा निघतो, कोणत्या शिवारातून उठवला की कोणत्या शिवारात उतरतो, हे सारे या माणसांना ठाऊक असे, कारण त्यावर घरातले वर्षाचे धान्य अवलंबून होते. या ज्ञानाची वही कोणी ठेवली नाही, ही दख्खनच्या निसर्ग-इतिहासातील मोठी उणीव आहे.

भोरडीचा दुसरा चेहराही येथे सांगणे न्यायाचे होईल. तिची पिले टोळ आणि नाकतोडे यांवर वाढतात, आणि एका वसाहतीत हजारो जोड्या असल्यामुळे ती टोळांचा मोठा फडशा पाडते. म्हणूनच चीनच्या शिनजियांग प्रांतात तिने घरटी करावीत यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून दिले जातात. एकाच पक्ष्याला एका देशात दगड रचून बोलावले जाते आणि दुसऱ्या देशात दगड फेकून हाकलले जाते, आणि दोन्ही ठिकाणचे शेतकरी आपापल्या जागी बरोबरच आहेत. सोलापुरातही हुरड्यापूर्वीच्या महिन्यांत ती माळरानावरील नाकतोडे खाते आणि पुढे पळस, पांगारा व काटेसावर फुलले की त्यांच्या फुलांवर झुंबड करून परागीभवनाला हातभार लावते. उजनीचे पाणी आल्यावर जिल्ह्यात ऊस पसरला, साखर कारखाने उभे राहिले, ज्वारीचे क्षेत्र आक्रसले, आणि त्याबरोबर माळा व गोफणही बहुतेक शिवारांतून नाहीशी झाली. उसाला भोरडीची भीती नाही, म्हणून तिच्याकडे पाहत बसणारा माणूसही उरला नाही.

लिखित नोंदींचा प्रवाह वेगळ्या उगमातून आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनची सांख्यिकी पाहणी करताना जमवलेल्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडली. दख्खनच्या पक्ष्यांचे शास्त्रीय वर्णन तेथून सुरू होते. पुढे ॲलन ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकातून आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पत्रिकेतून कलेक्टर, रेल्वेतील अभियंते आणि लष्करी अधिकारी नोंदी लिहू लागले. त्यांच्या काळात तलावावरचे बदक हे प्रथम शिकारीचे लक्ष्य होते आणि नंतर अभ्यासाचा विषय, त्यामुळे कोणत्या आठवड्यात कोणती जात येते हे त्यांना नीट ठाऊक असले तरी ज्या लहान चिखलपक्ष्यांना मारून काही मिळत नसे त्यांच्याकडे त्यांचे लक्ष कमी गेले. पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे कडे घालून त्याचा प्रवास शोधण्याचे काम भारतात १९२०च्या दशकात धारच्या महाराजांच्या पुढाकाराने सुरू झाले आणि १९५९ पासून सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ते मोठ्या प्रमाणावर चालवले. बंदूक ते कडे हा बदल त्या पन्नास-साठ वर्षांत झाला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले.

मराठीत या विषयाला ज्यांनी भाषा दिली, ते मारुती चितमपल्ली सोलापूरचेच. ५ नोव्हेंबर १९३२ रोजी तेथे जन्मलेल्या चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करीत नवेगावबांध, नागझिरा, कर्नाळा अशा ठिकाणी काम केले. ‘पक्षी जाय दिगंतरा’ आणि ‘पक्षिकोश’ यांसारख्या ग्रंथांत त्यांनी संस्कृत ग्रंथांतील नावे आणि कोळी, पारधी, गोंड, माडिया यांच्या तोंडची नावे एकत्र आणली. नवेगावबांधचे माधवराव पाटील यांच्यासारख्या जाणत्या गावकऱ्यांकडून आपण शिकलो, हे त्यांनी कृतज्ञतेने सांगितले आहे, आणि त्यांच्या लेखनाचे खरे मोल या कृतज्ञतेत आहे : पुस्तकाबाहेरच्या माणसाकडे पक्ष्यांचे शास्त्र असते हे मराठी वाचकाला त्यांनी पटवून दिले. २००६ मध्ये सोलापुरात भरलेल्या एकोणऐंशीव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. अखेरच्या वर्षांत ते सोलापुरास परतले आणि १८ जून २०२५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

जिल्ह्यातील संरक्षणाची व्यवस्था मात्र पाण्याऐवजी माळावर केंद्रित राहिली. नान्नज परिसरासह स्थापन झालेल्या माळढोक अभयारण्याचे १९७९ मधील क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते; त्यात गावे, शहरे आणि शेते सापडल्याने ते अव्यवहार्य ठरले आणि पुढे बाराशे चौरस किलोमीटरांच्या आसपास उतरवले गेले. तेथील गवताळ माळ स्थलांतरित भोवत्यांनाही आधार देतो. भोवत्या म्हणजे जमिनीलगत संथ तरंगत नाकतोडे व लहान पक्षी टिपणारा सडपातळ शिकारी पक्षी. तो झाडावर न झोपता संध्याकाळी अनेकांच्या संगतीने गवतात उतरतो, म्हणून ओसाड समजून माळावर झाडे लावली की त्याचा रातथारा मोडतो. वृक्षारोपण सर्वत्र हितकारकच असते ही समजूत सोलापूरच्या माळाला महाग पडली आहे.

उजनी, एकरुख आणि आष्टी यांच्या बाबतीत प्रश्न कुंपणाचा नाही, पाण्याच्या हिशेबाचा आहे. उजनीच्या एकूण साठ्यापैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ अब्ज घनफूट, मृतसाठा आहे, म्हणजे विसर्गद्वारांच्या पातळीखालचे पाणी. जिवंत साठा संपून त्याला हात लागला की धरण उणे गेले असे म्हणतात, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेले होते. अशा वर्षी पाणी इतक्या झपाट्याने मागे सरकते की गाळाची पट्टी ओली राहण्याऐवजी भेगाळते, तर सलग भरलेल्या वर्षी ती फार उशिरा उघडी पडते. दोन्ही वेळी पक्षी दुसरीकडे जातात आणि तलाव ‘रुसला’ असे वर्तमानपत्रांत छापून येते. त्यातच पुण्याकडून मुळा-मुठेतून येणारे सांडपाणी पाण्यात शेवाळ आणि जलपर्णी वाढवते. पक्ष्यांची संख्या सांगणारी आकडेवारी पाण्याच्या पातळीशिवाय वाचली तर तिचा अर्थ लागत नाही, आणि आजवरची बहुतेक वाचली गेली ती तशीच.

चितमपल्लींचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर यांमधील आठवडा राज्य शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून जाहीर केला आहे, आणि नेमका तोच काळ सोलापूरच्या तलावांवर नवे थवे उतरण्याचा आहे. या आठवड्यात जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांनी, मच्छीमार संस्थांनी आणि ग्रामपंचायतींनी आपल्या गावच्या तलावावर कोणता पक्षी कोणत्या तारखेला प्रथम दिसला हे एका वहीत लिहावे, शेजारी त्या दिवशीची पाण्याची पातळी पाटबंधारे खात्याकडून घेऊन नोंदवावी, आणि माळ्यावर बसून ज्यांनी भोरड्या हाकल्या ती वृद्ध माणसे गावात आहेत तोवर त्यांच्याकडून पूर्वीचे महिने व वाटा विचारून त्याच वहीत उतरवून घ्याव्यात.